वजन पल्ल्यात आलं, पाळी मात्र नाही: थांबायचं किती, तपासायचं काय?

कोरी_वही

खाण्याच्या विकारातून सावरणाऱ्या मुलींच्या आहाराचं नियोजन करताना एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतो. त्याची नेमकी उत्तरं जाणकारांकडून हवी आहेत. उदाहरण म्हणून असं धरा: वय २६, ॲनोरेक्सियाचं (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडण्याच्या आजाराचं) निदान, पाळी बंद होऊन दोन वर्षं. उपचारांत वजन वाढलं आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या पल्ल्यात येऊन चार महिने झाले. रक्ताच्या रिपोर्टवर "सगळं नॉर्मल" असा शेरा. सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत बारीक बारीक पिशव्या दिसल्या म्हणून पीसीओएसचं (अंडाशयात अनेक पिशव्या आणि संप्रेरकांचा बिघाड असलेल्या विकाराचं) निदान, आणि पाळी "सुरू करायला" गर्भनिरोधक गोळ्या. आठवड्यातले पाच दिवस पळणं चालू. खाणं ठरल्याप्रमाणे होतं, पण "वजन आलंय ना, मग आणखी कशाला वाढवायचं?" यावर गाडी अडते.

वजन येऊनही पाळी का येत नाही? किती दिवस वाट बघायची? गोळ्या घ्याव्यात का? आणि ज्या प्रश्नाने या मुलींची झोप उडते तो म्हणजे, पुढे मूल होईल ना?

निशिगंध

पहिल्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो नीट कळला की बाकीचे निम्मे सुटतात.

पाळीचा हुकूम अंडाशयातून निघत नाही, मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून निघतो. तिथून जीएनआरएच हे संप्रेरक ठोक्याठोक्याने सुटतं, पाळीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात साधारण दर ६० ते ९० मिनिटांनी एक ठोका. त्या ठोक्यांवर पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं सोडते आणि मग अंडाशय कामाला लागतो. ठोके विरळ झाले की पुढची सगळी साखळी थंडावते. अंडाशय निरोगी असतो, गर्भाशय निरोगी असतं, फक्त वरून हुकूम येत नाही. याला फंक्शनल हायपोथॅलॅमिक अमेनोरिया म्हणतात.

हायपोथॅलॅमस वजनकाटा बघत नाही. चरबीतून येणारं लेप्टिन किती, इन्सुलिन किती, ताणाचं कॉर्टिसॉल किती चढलेलं, यांवरून घरात धान्य आहे की नाही याचा तो अंदाज घेतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नियमित पाळी येणाऱ्या स्त्रियांना फक्त पाच दिवस कमी ऊर्जेवर ठेवलं होतं. शरीराला उरणारी ऊर्जा चरबी वगळता उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे ३० कॅलरींच्या खाली गेली, तशी एलएचच्या ठोक्यांची लय बिघडली. पाच दिवसांत वजन असं किती उतरणार?

तुमच्या उदाहरणाचा हिशोब करून बघा. चरबी वगळून वजन ४२ किलो धरू. रोजचं खाणं १,७०० कॅलरी, पळण्यात ४५० गेल्या, उरल्या १,२५०. भागिले ४२ म्हणजे ३०च्या किंचित खाली. काट्यावर वजन स्थिर दिसेल, कारण शरीराने खर्चच कापलेला असतो: हातपाय गार, नाडी मंद, थायरॉइडचं टी३ खाली, पाळी बंद. नीट चालायला किलोमागे ४५ लागतात असं मानतात. म्हणजे १,८९० आणि वर पळण्याचे ४५०, एकूण २,३४०. पळण्याच्या दिवशी तूट ६४० कॅलरींची. वर दोन वर्षांची झीज भरून काढायची आहे, त्यामुळे प्रत्यक्षात याहून जास्तच लागतं.

यातली गोम अशी की "ठरल्याप्रमाणे खाणं" आणि "पळणं" या दोन गोष्टी वेगवेगळ्या वह्यांत लिहिल्या जातात. आहार ठरवणाऱ्याला पळणं माहीत नसतं, आणि पळणारी ते सांगत नाही.

पल्ल्याबद्दलही एक सांगायला हवं. ठरवलेलं वजन हा अंदाज असतो. किशोरवयीन मुलींच्या १९९७च्या एका अभ्यासात, पाळी ज्या वजनाला बंद झाली होती त्यापेक्षा साधारण २ किलो जास्त वजनाला ती परत आली होती. त्याच अभ्यासात, वय आणि उंचीप्रमाणे अपेक्षित वजनाच्या ९० टक्क्यांपर्यंत पोहोचलेल्यांपैकी बहुतेकींना पुढच्या सहा महिन्यांत पाळी आली. तेव्हा चार महिने हा काळ घाबरण्याइतका लांब नाही. मात्र हे चार महिने खरोखर पुरेशा ऊर्जेचे होते का, हे आधी बघा. तूट चालूच असेल तर चार महिने मोजण्यात अर्थ नाही, मोजणी अजून सुरूच झालेली नाही.

आणखी एक. अजूनही वजन फार कमी असणाऱ्या किंवा बरेच दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या मुलीला हा हिशोब दाखवून एकदम खाणं वाढवायला सांगू नका. फॉस्फेट झपाट्याने उतरून रीफीडिंग सिंड्रोम (उपासमारीनंतर एकदम खाण्याने रक्तातले क्षार धोकादायक ढासळणं) होऊ शकतो. तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत, टप्प्याटप्प्याने जावं लागतं.

लंबक

निशिगंध यांच्याशी पूर्ण सहमत. मी फक्त पीसीओएस आणि गोळ्यांवर लिहितो, कारण या दोन ठिकाणी सर्वांत जास्त नुकसान होतं.

२००३च्या रॉटरडॅम निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी जुळल्या की पीसीओएस म्हणतात: बीज अनियमित सुटणं, पुरुषी संप्रेरकं जास्त असणं, सोनोग्राफीत अनेक पिशव्या दिसणं. ॲनोरेक्सियातून सावरणाऱ्या मुलीला पाळी नाहीच, म्हणजे एक जुळलं. हुकूम न मिळाल्याने अर्धवट वाढून थांबलेल्या पिशव्या अंडाशयात दिसतात, म्हणजे दुसरंही जुळलं. पण "इतर कारणं वगळल्यावर" अशी अट त्याच निकषांत आहे आणि नेमकी तीच विसरली जाते.

फरक ओळखायला हे बघा. गर्भाशयाचं अस्तर: उपासमारीत ते ४-५ मिलिमीटरपेक्षाही पातळ असतं, कारण इस्ट्रोजेनच नाही, पीसीओएसमध्ये सहसा जाड. एलएच: उपासमारीत खाली, पीसीओएसमध्ये बरेचदा एफएसएचपेक्षा वर. एसएचबीजी (रक्तात लैंगिक संप्रेरकं धरून ठेवणारं प्रथिन): उपासमारीत जास्त, पीसीओएसमध्ये बहुधा कमी. टेस्टोस्टेरॉन: उपासमारीत कमी किंवा साधारण, चेहऱ्यावर राठ केस नाहीत. (उपासमारीत अंगावर येणारी मऊ बारीक लव वेगळी, तिची गल्लत करू नका.) एएमएच (अंडाशयातल्या पिशव्यांतून येणारं संप्रेरक) दोन्हीकडे वाढलेलं दिसू शकतं, त्यावर निदान टेकवू नका.

"सगळं नॉर्मल" या शेऱ्याबद्दल. रिपोर्टवरचा एस्ट्रॅडिओलचा (मुख्य इस्ट्रोजेनचा) पल्ला पाळीच्या पहिल्या दिवसांसाठी इतका खालपासून सुरू होतो की अजिबात काम न करणारा अंडाशयही त्यात बसतो. एकच आकडा बघू नका. एस्ट्रॅडिओल महिनोन्‌महिने ५० पिकोग्रॅमच्या खाली, सोबत एलएच खाली आणि एफएसएच साधारण किंवा कमी, हे चित्र एकत्र वाचायचं असतं. एफएसएच २५च्या वर असेल आणि चार आठवड्यांनी परत केल्यावरही तसंच आलं, तर गोष्ट वेगळी. तिथे अंडाशयाचीच तपासणी हवी.

चुकीच्या निदानाची किंमत मोठी आहे. पीसीओएस म्हटलं की "वजन कमी करा, कर्बोदकं कमी करा, व्यायाम वाढवा" हा सल्ला पाठोपाठ येतो. सावरणाऱ्या मुलीच्या हाती आजाराचीच भाषा डॉक्टरी चिठ्ठीवर पडते. म्हणून डॉक्टरकडे जाताना कागदाच्या पहिल्या ओळीत खाण्याच्या विकाराचा इतिहास लिहून न्यावा. तोंडी सांगायला जीभ रेटत नाही, तेव्हा कागद कामी येतो.

आता गोळ्या. गर्भनिरोधक गोळ्यांवर येणारा रक्तस्राव ही पाळी नव्हे. बाहेरून दिलेलं संप्रेरक थांबलं म्हणून अस्तर गळतं, एवढंच. हायपोथॅलॅमस झोपलेलाच असतो. पण दर महिन्याला "पाळी" दिसते, घरचे निश्चिंत होतात आणि खाणं वाढवायचं कारणच हातातून जातं. हाडांसाठीही त्यांचा भरवसा धरू नये: पोटातून घेतलेलं इस्ट्रोजेन यकृतातून जाताना आयजीएफ-१ हे वाढीचं संप्रेरक खाली आणतं, आणि हाड बांधायला तेच लागतं. एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये निव्वळ पाळी आणण्यासाठी किंवा हाडांसाठी या गोळ्या देऊ नयेत असंच म्हटलं आहे. आहार, समुपदेशन आणि व्यायामातला बदल हे सगळं ६ ते १२ महिने नीट करूनही पाळी आली नाही, तर काही काळ त्वचेवरच्या पॅचमधून एस्ट्रॅडिओल आणि जोडीला ठरावीक दिवस प्रोजेस्टेरॉन, असा पर्याय तिथे सुचवला आहे. पॅचने गर्भधारणा टळत नाही, हे मात्र सांगून ठेवा. गर्भनिरोधासाठी गोळी हवी असेल तर जरूर घ्यावी, फक्त ती कशासाठी घेतोय ते स्पष्ट असावं.

पाळी सहा महिने किंवा जास्त बंद असेल तर हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करून घ्या. या वयात झेड-स्कोअर (आपल्याच वयाच्या लोकांशी तुलना) बघायचा, टी-स्कोअर (तरुण प्रौढांशी तुलना) नाही. तुमच्या उदाहरणात दोन वर्षं गेली आहेत आणि आठवड्यात पाच दिवस पळणं आहे, म्हणजे हाडाला बारीक तडा जायची भीती खरी आहे. नडगीत किंवा पावलात एकाच बोटभर जागी दाबून दुखत असेल, तर त्या दिवसापासून पळणं बंद.

कोरी_वही

दोघांचेही मनापासून आभार. अस्तराच्या जाडीचा मुद्दा सोनोग्राफीच्या कागदावर असतोच, पण तिकडे नजरच जात नाही.

एक अडचण आहे. निशिगंध यांनी दिलेला हिशोब मुलीला दाखवला तर ती तोच धरून बसेल. न दाखवला तर "का वाढवायचं" याचं उत्तर देता येत नाही.

पायवाट

आकडा तुमच्या वहीत राहू द्या, तिच्या ताटात नको. तिला कारण सांगा, बेरीज नको.

तिच्यासाठी नियम वेळेचे हवेत. तीन जेवणं आणि मधली दोन-तीन खाणी, दोन खाण्यांत तीन-साडेतीन तासांपेक्षा जास्त अंतर नाही, आणि उठल्यापासून तासाभरात पहिलं खाणं. दिवसाची बेरीज बरोबर असूनही सकाळपासून दुपारपर्यंतचा लांब खड्डा तसाच राहिला, तर शरीर त्या तासांत उपासमारच अनुभवतं. या मुलींचा दिवस बघितलात तर बरंचसं खाणं संध्याकाळनंतर ढकललेलं असतं. दुसरी जागा चरबीची. तेल-तूप-सुकामेवा "नंतर बघू" म्हणून बाजूला ठेवला जातो आणि ताट भरलेलं दिसूनही पाण्याने आणि चोथ्याने भरलेलं असतं. पोट फुगतं, भूक मरते, ऊर्जा मात्र येत नाही. तेव्हा भाज्या-कोशिंबिरीचा वाटा थोडा कमी करायला सांगावं लागतं, आणि ते ऐकायला तिला फार जड जातं. पण तिथेच गाठ असते.

"वजन आलंय ना" या वाक्यात भीती आहे, तर्क नाही. त्याच्याशी तर्काने भांडू नका. पाळी हा उपचारांतला एक टप्पा म्हणून सुरुवातीलाच कागदावर लिहून घेतलेला असेल, तर मग किलोवर घासाघीस होत नाही. नसेल लिहिला तर आता लिहा: "पल्ला म्हणजे पाळी परत येऊन सलग तीन वेळा नियमित आली ते वजन." आकडा मोकळा ठेवा.

मनावरचा ताण ही नुसती बोलण्यापुरती बाब नाही, तीही याच साखळीतली कडी आहे. वजन बरोबर असूनही पाळी नसलेल्या १६ स्त्रियांवरचा एक छोटा प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना २० आठवडे वर्तन-विचार उपचार दिले, निम्म्यांवर फक्त लक्ष ठेवलं. उपचार घेतलेल्या बहुतेकींच्या अंडाशयाचं काम परत सुरू झालं; दुसऱ्या गटात थोड्याच जणींचं. संख्या लहान आहे, पण दिशा स्पष्ट आहे.

पळण्याबद्दल: काही जण अर्धं करा म्हणतात. माझं मत वेगळं आहे. पाळी येईपर्यंत पळणं आणि दमछाक करणारे सगळे व्यायाम पूर्ण बंद, फक्त रमतगमत चालणं आणि हलकं ताणणं. "अर्धं" हा शब्द या आजाराला वाटाघाटीसाठी हवाच असतो. पाच दिवसांचे तीन दिवस होतात आणि त्या तीन दिवसांचा वेग वाढतो.

निशिगंध

पायवाट, पूर्ण बंदीवर थोडं वेगळं म्हणेन. पळणं हाच जिचा एकमेव आधार आहे तिच्याकडून ते एका दिवसात काढून घेतलं तर ती खोलीत लपून उठाबशा काढते, आणि तो खर्च कुठेच नोंदला जात नाही. दोन आठवड्यांत उतरवत शून्यावर आणणं आणि त्या वेळेत दुसरं काही ठरवून देणं जास्त टिकतं. शून्यावर यायचं, यात मतभेद नाही.

पायवाट

मान्य. तारीख मात्र आधी ठरलेली हवी.

सांजवेळ

मूल होण्याच्या प्रश्नाकडे अजून कोणी आलं नाही, म्हणून लिहिते.

पाळी बंद होती म्हणून बीजं संपली, असं होत नाही. पाळी थांबल्याने बीजं वाचतही नाहीत आणि जास्त खर्चही होत नाहीत. वयानुसार जी घट व्हायची ती होत राहते. ज्या पूर्ण सावरतात, खातात आणि पाळी नियमित होते, त्यांच्यातल्या बहुतेकींना पुढे नैसर्गिकपणे दिवस राहू शकतात. दोन वर्षं पाळी नव्हती म्हणजे वांझपण आलं, हे त्या मुलीच्या डोक्यातून आजच काढून टाका. एएमएच कमी आलं तरी अंडाशय दबलेला असताना केलेल्या त्या तपासणीवरून निष्कर्ष काढू नका. पाळी सुरू झाल्यावर परत करा.

उलट बाजूचा धोका फारसा कोणी सांगत नाही. बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते. म्हणजे पहिली पाळी दिसण्याआधीच दिवस राहू शकतात. "मला पाळीच नाही" म्हणून गर्भनिरोधक न वापरणं ही मोठी चूक आहे. नॉर्वेतल्या एका मोठ्या पाहणीत ॲनोरेक्सिया असलेल्या स्त्रियांमध्ये न ठरवता राहिलेल्या गर्भधारणांचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त आढळलं होतं. पाळी नसण्याच्या कुठल्याही तपासणीची सुरुवात गर्भचाचणीनेच करा, इतिहास कितीही स्पष्ट असला तरी.

परत येताना शरीर काही खुणा देतं. आधी हातपाय उबदार राहू लागतात, रात्रीची झोप सलग लागते. मग एखाद्या दिवशी अंगावरून पांढरं जातं: आधी दाटसर, नंतर कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं, दोन बोटांत धरलं तर तार निघते. याचा अर्थ इस्ट्रोजेन वाढतंय. त्यानंतर १० ते १६ दिवसांत पाळी आली तर बीज सुटलं असण्याची शक्यता चांगली. पण पहिल्या काही महिन्यांत पांढरं येतं, जातं, पुन्हा येतं आणि पाळी येत नाही असंही होतं. शरीराने प्रयत्न केला आणि मध्येच सोडला, असं समजा. त्या आठवड्यात खाणं तुटलं होतं का ते बघा. लघवीवरच्या एलएच पट्ट्या या काळात फसवतात, एकामागून एक चढ दाखवत राहतात. खात्री करायची तर पांढऱ्याच्या शेवटच्या दिवसानंतर सातएक दिवसांनी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासा. ३ नॅनोग्रॅमच्या वर असेल तर बीज सुटलं.

सुरुवातीची चक्रं लांब असतात, ४०-५० दिवसांची सुद्धा, आणि बीज सुटल्यापासून पाळीपर्यंतचा काळ कधी कधी दहा दिवसांपेक्षाही कमी भरतो. पहिली पाळी आली की पेढे वाटून खाणं कमी करू नका. ही दुसरी मोठी चूक, आणि पाळी परत जाण्याचं नेहमीचं कारण.

मूल हवं असेल आणि पाळी येतच नसेल, तर वर्षभर प्रयत्न करून मग डॉक्टरकडे जायचा नेहमीचा नियम इथे लागू नाही. लगेच जा. मात्र वजन कमी असताना बीज सोडवायची औषधं घ्यायला घाई करू नये. २०१७च्या त्याच सूचनांमध्ये बीएमआय किमान १८.५ असल्याशिवाय हे उपचार नकोत असं म्हटलं आहे, कारण गर्भपात, वेळेआधी प्रसूती आणि कमी वजनाचं बाळ यांचा धोका वाढतो. १८.५ ही उपचाराची खालची पायरी आहे, तिथे थांबायचं वजन नव्हे.

क्लोमिफीन ही बीज सोडवायची नेहमीची गोळी इथे बहुतेकदा चालत नाही. ते इस्ट्रोजेनचा मेंदूवरचा लगाम सोडवतं, आणि इथे इस्ट्रोजेनच नसल्याने सोडवायला लगाम नाही. छोट्या पंपातून जीएनआरएचचे ठोके बाहेरून देणं हा सर्वांत नैसर्गिक उपाय, त्यात बहुधा एकच बीज पिकतं. तो नसेल तर इंजेक्शनं, पण एफएसएचसोबत एलएच असलेली हवीत, आणि सोनोग्राफीने बारीक लक्ष ठेवून, कारण एका वेळी अनेक बीजं पिकून जुळी-तिळी राहायची शक्यता वाढते.

लंबक

तपासण्यांच्या यादीत थोडी भर. प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) जरूर तपासा. या मुलींना कधी कधी मनोविकाराची औषधं चालू असतात. रिस्पेरिडोनसारख्या औषधाने प्रोलॅक्टिन वाढून पाळी थांबते. औषध स्वतःहून बंद करू नये, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलावं. थायरॉइडमध्ये टीएसएच (थायरॉइडला चालवणारं पिट्युटरीचं संप्रेरक) साधारण आणि टी३ कमी असं दिसलं तर ती उपासमारीची खूण आहे. त्यावर थायरॉइडची गोळी देऊ नये, ती शरीराचा ऊर्जेचा खर्च आणखी वाढवते.

उलट्या करणाऱ्या मुलींमध्ये वजन साधारण असूनही पाळी अनियमित होते. तिथे पाळीच्या तपासण्यांआधी पोटॅशियम तपासा. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, पायांवर सूज, किंवा किशोरवयीन मुलीची जागेपणीची नाडी ५०च्या खाली, यातलं काहीही दिसलं तर पाळीची चर्चा बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

कोरी_वही

शेवटचं एक. पाळी येऊन वर्ष झालं, आता बाळाचा विचार आहे, पण गरोदरपणात दर भेटीला वजन होणार या विचारानेच ती मागे फिरते. काय सांगू?

सांजवेळ

वजन करावंच लागेल, पण आकडा तिने बघायलाच हवा असं नाही. पहिल्याच भेटीत नर्सला चिठ्ठी द्यायची: "खाण्याच्या विकाराचा इतिहास आहे. काट्यावर पाठ करून उभी राहीन. आकडा मोठ्याने वाचू नये, माझ्या फाइलच्या वरच्या पानावर लिहू नये. काळजीचं काही असेल तर डॉक्टरांनी बसवून सांगावं." सोबत नवरा किंवा आई येत असेल तर घरी जाऊन विचारायचं नाही, हेही आधी ठरवून घ्या.

फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, प्रयत्न सुरू करण्याच्या निदान एक महिना आधीपासून. तीन महिने आधी असेल तर उत्तम. पहिल्या तीन महिन्यांतल्या मळमळीत जुनी सवय डोकं वर काढते, उलटी "झाली" की "केली" हे तिलाही कळत नाही. म्हणून त्या काळात समुपदेशकाची भेट दोन आठवड्यांवर नेऊ नका, दर आठवड्याला ठेवा. आणि बाळंतपणानंतरच्या सहा महिन्यांच्या भेटी आत्ताच लावून ठेवा, कारण झोप नाही, अंग बदललेलं आणि "पूर्वीसारखी कधी होणार" असं विचारणारी माणसं, हे सगळं तेव्हाच एकदम येतं.